दंडाची भेळ

आबांची आणि माझी ओळख दंडापासून सुरू झाली. तोवर मला वाहतूक पोलिसांखेरीज कोणी दंड केला नव्हता. त्या वेळीही सिग्नल पिवळाच होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

झालं असं की मी भाड्याची जागा शोधत होतो. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी, राहायला काळेवाडीत. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला आमच्या खोल्या हव्या झाल्या. म्हणून एका रविवारी संध्याकाळी रहाटणीत गल्लोगल्ली हिंडत होतो. एका इमारतीच्या खाली ओळीनं गाळे होते. एकात केशकर्तनालय, एकात मेडिकल, एकात पिठाची गिरणी आणि शेवटच्या गाळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून काही माणसं बसलेली. टेबलामागे एक उंच, सावळे, वयस्क गृहस्थ. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, वरच्या खिशातून टोपीचं टोक बाहेर डोकावतंय. मला वाटलं, हे एजंटचं ऑफिस. चपला बाहेर काढून आत गेलो.

"बसा," ते गृहस्थ म्हणाले. "कुठनं आला?"

"मूळचा लातूरकडचा," मी म्हणालो. "इथं जागेची फार अडचण हो. आमच्या गावाकडं पूर्वी एवढं मोठं अंगण होतं, की..."

"दंड!" सगळी खोली एका सुरात ओरडली.

मी दचकून उभाच राहिलो. त्या गृहस्थांनी शांतपणे भिंतीकडे बोट केलं. तिथे ठसठशीत अक्षरांत रंगवलेली पाटी होती : 'विज्ञानकथा मंडळ. महिन्याचा शेवटचा रविवार. चहा मिळेल. कालचं चपलांसोबत बाहेर ठेवावे.'

"हितं कालचं बोलायचं न्हाई," त्यांनी समजावलं. "आमच्या गावाला आसं होतं, आमच्या टायमाला तसं होतं, हे काय बी चालत न्हाई. उद्याचं बोलायचं. जो चुकला त्येनं पुढच्या महिन्यात भेळ आणायची. सगळ्यांना पुरंल अशी. आन् कांदा वेगळा आणा, कुलकर्णी सरांना कांदा चालत न्हाई."

"अहो, पण मी तुमचा सभासद नाही."

"आता झाला की. दंड लागला तो सभासद. हितं दुसरा अर्ज न्हाई."

जागा मला तिथे मिळाली नाही, ती पुढे काळेवाडीतच मिळाली. पण पुढच्या महिन्यात मी खरोखरच भेळ घेऊन गेलो. का गेलो, हे मला नीट सांगता येणार नाही. एक तर दंड बुडवणं आमच्या घराण्यात नाही आणि दुसरं म्हणजे, या शहरात इतक्या वर्षांत 'पुढच्या महिन्यात या' असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

त्या गृहस्थांचं, म्हणजे आबांचं, साद्यंत चरित्र मला ठाऊक नाही. रहाटणीतलं जुनं शेतकरी घराणं, जमिनी गेल्या, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काही यांच्या. "आमच्या घरानं आधी म्हशी पाळल्या, मग भाडेकरू पाळले," असं त्यांची सून वैशाली सांगे. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे कुठेतरी अडखळलेलं. पण मराठीतली विज्ञानकथा म्हणून जे काही छापून आलं असेल ते या माणसानं वाचलेलं होतं. दिवाळी अंक, रद्दीतले अंक, वाचनालयातली बांधीव पुस्तकं, सगळं. वाचायची पद्धतही त्यांची स्वतःची होती. पुस्तक हातात आलं की ते आधी शेवटचं पान वाचत.

"आबा, मग मजा काय राहिली?" मी एकदा विचारलं.

"शेवटाला काय हुणार ते कळलं की घोर राहत न्हाई," ते म्हणाले. "मग निवांत वाचता येतं."

कुलकर्णी सरांना हे अजिबात मान्य नव्हतं. सर म्हणजे फिजिक्सचे निवृत्त शिक्षक. कथेत कोणी प्रकाशापेक्षा वेगानं गेलं की ते खुर्चीतल्या खुर्चीत अस्वस्थ होत. त्यांची आणि आबांची दर महिन्याला जुंपायची. सर विज्ञान तपासत, आबा सोय तपासत. गोष्ट वाचून झाली की सगळे आबांकडे बघत. आबा चष्मा पुसत आणि ठरलेले दोन प्रश्न विचारत : "पाणी कुठनं येतंय?" आणि "पार्किंगचं काय?"

आयटीतल्या एका मुलानं उडत्या गाड्यांच्या शहराची गोष्ट वाचली होती. मोठी रंगवून लिहिलेली, सूर्यास्तबिर्यास्त असलेली. आबांनी डोळे मिटून ऐकली, मान डोलावली आणि म्हणाले, "झ्याक. पण उडून उडून माणूस घरी येणार ना? मग गाडी लावायची कुठं? हितं जमिनीवरच्या गाड्यांवरून डोकी फुटत्यात. वरनं आलेला माणूस माझ्या गेटम्होरं लावणार आन् मी त्येला शोधत किती मजले चढू?" त्या मुलानं पुढच्या खेपेला गोष्टीत प्रत्येक इमारतीवर गाड्यांची गच्ची घातली. आबांनी ती मंजूर केली, पण पाहुण्यांसाठी वेगळी जागा ठेवायला लावली.

स्वतः आबांनी एकही गोष्ट लिहिली नाही. ते फक्त 'समजा' म्हणत. त्यांच्या डोक्यात महिनाभर समजा शिजत असायचे आणि ते रविवारची वाट बघत नसत. मी कंपनीत, लाइनवर एखादा माल रिजेक्ट करावा की नाही या विवंचनेत, आणि खिशात फोन थरथरायचा.

"ओ क्वालिटी," ते मला याच नावानं हाक मारत. "समजा, पवना उलटी वाहाय लागली."

"आबा, मी शिफ्टमध्ये आहे."

"व्हय, व्हय. पण समजा वाहाय लागली. मग पूर वरच्या अंगाला जाणार का? का धरणातलं पाणी परत ढगात? इचार करून ठिवा."

आणि गंमत अशी की मी विचार करून ठेवायचो. सुपरवायझर समोर उभा राहून काहीतरी विचारत असायचा आणि माझ्या डोक्यात पवना उलटी वाहत असायची. या माणसामुळे माझं नोकरीत नुकसान झालं नाही, हे निव्वळ माझं नशीब.

आमच्या मंडळाची सगळ्यात मोठी फजिती झाली तीही आबांच्या साक्षीनं. हिवाळ्यातला रविवार होता, लवकर अंधारलं होतं. गोष्ट ऐन रंगात आली असताना गिरणीवाला धावत आला. "आबा, वर बगा, आभाळात काय तरी आलंय!"

सगळे गच्चीवर पळालो. कुलकर्णी सरसुद्धा गुडघे विसरून जिना चढले. आभाळात दिवेच दिवे. हलत होते, थांबत होते, ओळी करत होते. विमान नव्हे, पतंग नव्हे. इतकी वर्षं ज्यांच्या आगमनाच्या गोष्टी आम्ही एकमेकांना वाचून दाखवत होतो ते रहाटणीत येऊन ठेपलेत, अशी प्रत्येकाची खात्री झाली. शीतल नावाची मुलगी आमच्यात होती. चाकणजवळच्या गावातली, कंपनीत वेल्डिंगचे रोबो दुरुस्त करणारी, एरवी कशाला न घाबरणारी. तिनं माझा दंड घट्ट धरला. सर पुटपुटत होते, "नियंत्रित हालचाल आहे. बुद्धी आहे यामागे."

आबांनी कठड्यावरून वाकून सुनेला हाक मारली. "वैशाली, चहा वाढव गं. पाव्हणं आल्यासारखं दिसतंय."

तेवढ्यात ते दिवे सावकाश एकत्र आले आणि आभाळात भलीमोठी अक्षरं उमटली : '२ व ३ बीएचके. बुकिंग सुरू.'

नव्या स्कीमचा बार उडवायला कुणा बिल्डरनं ड्रोन सोडले होते. कोणीच कुणाकडे बघेना. शीतलनं माझा दंड सोडला. शेवटी आबाच बोलले. "लई पुढारलेले दिसत्यात," ते म्हणाले. "आल्या आल्या फ्लॅट विकाय लागले." मग गच्चीवर जो हशा उठला, तो खालच्या मेडिकलपर्यंत ऐकू गेला. वाढवलेला चहा आम्हीच प्यालो.

आता वाचकाला वाटेल की हा माणूस असा हसरा-खेळकर, तर मग कालच्या बोलण्यावर एवढा राग कशाला? मलाही वाटायचं. कारण आबांच्या बरोबरीची गावातली जुनी माणसं देवळाच्या पारावर बसून दुसरं काही बोलतच नसत. इथं आमचा ऊस होता, तिथं मोट होती, हा टॉवर आहे ना, त्याच्याखाली आमचं वांग्याचं रान. आबा त्या पारावरून जात, सगळ्यांना रामराम करत, पण बसत नसत.

एकदा बैठक संपल्यावर मी चपला घालत होतो, आबाही शटरबाहेर आले होते. मी विचारलंच. त्यांनी आधी आपण उंबऱ्याच्या बाहेर आहोत ना, याची खात्री करून घेतली.

"माझा थोरला भाऊ," ते म्हणाले. "जमीन गेली तवापासनं एकच बोलणं. सकाळी उठला की माझं रान, झोपताना माझं रान. घरात पोरंबाळं होती, त्येंची लग्नं झाली, नातवंडं झाली. नातू ह्येच्या मांडीवर यायचा आन् हा त्येला बाजूला सारून सातबारा बघायचा. गेला तवा बी तेच बोलत गेला. मी उशाला होतो. माझ्याकडं बगितलं बी न्हाई त्येनं." त्यांनी शटरकडे बोट केलं. "मला तसं जायचं न्हाई. म्हणून एक जागा पायजे, जितं कालचं आत येत न्हाई. घरात जमत न्हाई, पारावर जमत न्हाई. हितं जमतंय."

एवढं बोलून त्यांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "समजा, झोप दुकानात मिळाय लागली." आणि चालू लागले.

तो गाळा आबांच्या दृष्टीनं काय होता, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच पुढे जे झालं ते मला फार लागलं. आबांचा थोरला मुलगा सुनील इमारतींचं सगळं बघायचा. सरळ, कष्टाळू, व्यवहाराला चोख माणूस. रस्ता रुंद झाला, गर्दी वाढली आणि आमच्या गाळ्याला मोबाइलच्या दुकानासाठी मागणी आली. महिन्यातून एकदा काही माणसं येऊन मंगळावर भांडतात, यासाठी रस्त्यावरचा गाळा अडवून ठेवायचा, हे सुनीलला पटेना. त्याचं चुकत होतं असंही मला म्हणवत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं.

आबांनी वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, "एक बैठक बसून बघ. मग ठरवू."

त्या रविवारसाठी आम्ही जय्यत तयारी केली आणि तिथेच माती खाल्ली. मालकाच्या मुलावर छाप पडावी म्हणून प्रत्येकानं आपली सगळ्यात भारदस्त गोष्ट आणली. भारदस्त म्हणजे काय, तर माणसं मरणारी. पहिल्या गोष्टीत समुद्र आटला. दुसरीत सूर्य विझला. माझ्या गोष्टीत यंत्रांनी माणसांची तपासणी करून सगळी मानवजात रिजेक्ट केली. सुनील आणि वैशाली पुढच्या खुर्च्यांवर. सुनीलचा फोन वाजत होता, तो बाहेर जात होता, परत येत होता. परत आल्यावर एकदा त्यानं बायकोला हळूच विचारलं, "आता कोण मेलं?"

आबांच्या हे सगळं ध्यानात आलं होतं. त्यांनी एकच उद्योग चालवला होता, सुनीलला दंडात पकडायचा. कारण दंड लागला तो सभासद, आणि सभासद आपलं मंडळ कसं बंद करणार? म्हणून आबा मधेच साळसूदपणे विचारत, "का रे सुनील, तुझ्या शाळेतले ते मास्तर, काय त्येंचं नाव?" किंवा "आपली ती पहिली मोटारसायकल कुठल्या रंगाची रं?"

सुनील बापाचाच मुलगा. तो हसून मान हलवी. "आबा, मी नाय फसायचो."

फसली ती वैशाली. कुणाच्या तरी गोष्टीत अंतराळवीरांना गोळ्यांवर जगताना ऐकून ती एकदम म्हणाली, "गोळ्यांवर? आमच्या माहेरी एकदा पाहुण्यांना..." आणि खोलीनं गर्जना केली, "दंड!" तिनं तोंडाला पदर लावला, मग इतकी हसली, की सुनीलनंही फोन खाली ठेवला. पुढच्या महिन्यात ती भेळ घेऊन आली. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं स्वतः लिहिलेली एक पानाची गोष्ट वाचली. तीत मंगळावर गेलेली बाई तिथं विरजण लावायला बघते आणि ते काही केल्या लागत नाही. कुलकर्णी सरांनी त्यावर पंधरवडाभर अभ्यास केला.

सुनीलनं त्या पहिल्या बैठकीनंतर निकाल दिला तो मात्र वेगळा होता. "आबा आहेत तोवर चालू द्या," तो मला बाहेर म्हणाला. "त्यांचं मन मोडायचं नाही मला. नंतर मात्र गाळा द्यायचा. तुम्ही समजून घ्या, भाऊ." मी समजून घेतलं. आबांनाही हे कळलं होतं, कारण त्या दिवशी शटर ओढताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गडी फसला न्हाई."

त्यानंतर वर्ष-दोन वर्षं मंडळ छान चाललं. आबा थोडे वाळले, आवाज जरा बसला, पण समजा कमी झाले नाहीत. उलट वाढले. शेवटच्या बैठकीला ते नेहमीसारखे टेबलामागे होते. ती शेवटची आहे हे अर्थातच आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

शीतलची गोष्ट होती. फार पुढच्या काळातली. रहाटणीत सगळ्या इमारती पाडून लोक जमिनीखाली राहायला जात असतात आणि खणता खणता त्यांना खाली काहीतरी सापडतं. गोष्ट इथवर आली आणि शीतलनं कागद खाली ठेवला.

"पुढं अडलंय," ती म्हणाली. "काय सापडतं तेच मला सुचंना. कारण इथं खाली काय हाय, ते मला ठावंच नाय." ती घुटमळली. मग आबांकडे बघून म्हणाली, "आबा, हा गाळा हाय, तिथं आधी काय होतं?"

नियम मोडायला सांगणारा प्रश्न आणि तोही खुद्द आबांना. सर खाकरले. वैशालीनं मान खाली घातली. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उद्याच्या गोष्टीला लागतंय ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"मग सांगतो. मला दंड लागंल, लागू द्या."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आबा त्या गाळ्यात कालचं बोलले.

"हितं आमचं खळं होतं," ते म्हणाले. "ज्वारी पडलेली असायची. राखणीला आमी दोघं भाऊ, दादा आन् मी. कडब्यावर उताणं पडायचं. दिवेलागण झाली की चांदण्या निघायच्या. एक दिस दादा म्हनला, ती बघ, ती चांदणी चालतीया. मी बगितलं तर खरंच चालत हुती. सरळ, झाडाच्या शेंड्यावरनं, न लुकलुकता. मी भ्यालो. दादा म्हनला, भिऊ नगं, माणसांनी सोडलीय ती, गुरुजींनी सांगितलंय. मी म्हनलं, कुठं चाललीय? तर म्हनला, कुठं न्हाई, फिरून आपल्याच खळ्यावर येती का न्हाई बघ. मग रोज संध्याकाळी आमी तिची वाट बघायचो. दादानं मला तिच्यावर काय काय गोष्टी सांगितल्या. आत माणूस हाय, त्येला भूक लागली तर काय, त्येला पाणी कुठनं मिळणार."

आम्हाला सगळ्यांना एकदमच उमगलं, की तो पाण्याचा प्रश्न कुठून आला होता.

"तर पोरी, खाली खळं हाय," ते शीतलला म्हणाले. "मी एवढी वर्सं दादावर राग धरला, की तो शेवटपतुर मागंच बघत बसला. पर म्होरं बघाय मला त्येनंच शिकवलं. हे आज बोलताना ध्यानात आलं."

आबांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांचा पाराच चढला.

"आरं, गप का बसलाय? मढं पडल्यावाणी? दंड म्हना की! नियम माझ्यासाठी निराळा हाय का?"

"दंड," शीतल कशीबशी म्हणाली. मग आम्ही सगळे म्हणालो. इतका मऊ दंड त्या गाळ्यात कुणालाच झाला नव्हता.

"हां. पुढच्या महिन्याची भेळ माझ्याकडं," आबा समाधानानं म्हणाले. "कांदा वेगळा."

त्या दिवशी शटर त्यांनी मला ओढू दिलं नाही. अर्ध्यावर आणून थांबले, खाली वाकून आतला दिवा बंद आहे ना ते बघितलं, मग पायानं दाबून पुरतं बंद केलं. मी स्कूटर चालू करून थोडा पुढे गेलो होतो, तेवढ्यात मागून हाक आली, "ओ क्वालिटी! समजा..." मधून एक सिमेंटचा मिक्सर धडधडत गेला. मी हातानं 'ऐकू आलं नाही' अशी खूण केली. आबांनीही हात हलवला, पुढच्या महिन्यात, असा. टोपी घातली आणि जिन्याकडे वळले. ते मी त्यांना शेवटचं पाहिलं.

गेले ते दुपारी झोपेत. छातीवर पुस्तक उपडं होतं, पहिल्या काही पानांतच. वैशालीनं हे रडत रडत सांगितलं तेव्हा मी तिला म्हणालो, "शेवट वाचून झाला असणार, वहिनी." त्यावर ती रडता रडता हसली.

तेरावा झाला आणि पाठोपाठ शेवटचा रविवार आला. बैठक नव्हती. आम्ही गेलो ते पुस्तकं आवरायला आणि किल्ली परत द्यायला. गाळ्यात सुनील होता. त्याच्यासोबत एक माणूस टेपनं भिंती मोजत होता. शीतल कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होती, सर पाटीकडे बघत उभे होते. आबांची खुर्ची टेबलामागे तशीच होती.

इतक्यात दाराशी काळेवाडी फाट्यावरचा भेळवाला येऊन उभा राहिला. त्याच्या हातात मोठं पातेलं आणि खांद्याला पिशवी होती.

"कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

"आम्ही नाही मागवली," सुनील म्हणाला.

"आबांनी सांगून ठेवलंय. मागच्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी येऊन गेले. शेवटचा रविवार, सगळ्यांना पुरंल अशी, कांदा वेगळा. म्हनले, दंडाची हाय, चुकायची न्हाई." त्यानं पिशवीतून कांद्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. "ते गेल्याचं कळलं मला. पण सांगितलेलं होतं, म्हणून आणली."

वैशालीनं पातेलं हातातून घेतलं. तिनं कागदाच्या द्रोणांत भेळ भरली आणि सगळ्यांना दिली. टेपवाल्यालाही दिली. आम्ही त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून खाल्ली. भेळ तिखट होती, त्यामुळे डोळ्यांचं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

सुनील उभ्यानंच खात होता. मग तोही बसला, पहिल्या खेपेला बसला होता त्याच खुर्चीवर. समोर आबांची रिकामी खुर्ची. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला आणि घास तोंडात असतानाच, कुणालाही उद्देशून नाही असा, बोलला, "लहानपणी आबा मला खांद्यावर बसवून हितंच आणायचे. चांदणी चालती का बघ, म्हणायचे..."

आम्हा सगळ्यांच्या ओठांवर तो शब्द आला होता आणि कुणाची छाती होत नव्हती. शेवटी वैशालीच म्हणाली, अगदी हळू, "दंड."

सुनीलनं वर पाहिलं. आधी बायकोकडे, मग पाटीकडे, मग आमच्याकडे. टेपवाला द्रोण हातात धरून थांबला होता.

"म्हणजे," सुनील म्हणाला, "पुढच्या महिन्यात भेळ मी आणायची?"

"हो," कुलकर्णी सर म्हणाले. "कांदा वेगळा."

सुनीलनं मान डोलावली आणि टेपवाल्याला सांगितलं, की भेळ संपव आणि घरी जा. शीतल खोक्यातली पुस्तकं परत कपाटात लावायला लागली. गडी शेवटी फसला होता.